कुठेच न जाणारा जिना

मालिकेतल्या सधन घराच्या दिवाणखान्यात एक जिना असतोच. नवी सून त्यावरून सावकाश खाली उतरते, सासू मधल्या पायरीवर थबकून खालचं बोलणं ऐकते आणि भांडण झालं की मुलगा दोन-दोन पायऱ्या गाळत वर निघून जातो. हा जिना सहसा कुठेच जात नाही. वर एक चिंचोळा कठडा, दोन-तीन दारांच्या चौकटी आणि त्यांच्यामागे प्लायचा उघडा सांगाडा, एवढंच. मुलगा ज्या खोलीत गेला असं आपण समजतो ती खोली स्टुडिओच्या त्याच फ्लोअरच्या दुसऱ्या कोपऱ्यात, जमिनीवरच, चार फ्लॅट जोडून उभी केलेली असते. (सेटवरच्या भाषेत फ्लॅट म्हणजे राहण्याची जागा नव्हे, तर लाकडी चौकटीवर प्लाय ठोकून रंगवलेली सुटी भिंत.) जागा म्हणून हा जिना खोटा आहे, पण कथानकात त्याच्याइतका कामाचा कोपरा घरात दुसरा नाही. तो नसता तर चोरून ऐकायला उंची मिळाली नसती, थाटात अवतरायला पायऱ्या मिळाल्या नसत्या आणि रागाने निघून गेलेला माणूस घर न सोडता निघून गेला असं दाखवता आलं नसतं. मालिकांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिलं जातं, ते बहुतेक पात्रांबद्दल, संवादांबद्दल, टीआरपीबद्दल आणि सासू-सुनेच्या कंटाळ्याबद्दल. जागेचा विषय निघाला तर 'सेट भव्य आहे' किंवा 'लोकेशन सुंदर आहे' एवढ्यावर संपतो. माझं म्हणणं असं की रोजच्या मालिकेत जागा ही गोष्टीची मागची बाजू नसून तिचं व्याकरण असते. कोण कुठे येऊ शकतो, कोणाला काय ऐकू जातं आणि कोणतं दार कोणासाठी बंद आहे, हे एकदा ठरलं की पुढच्या हजार भागांत काय घडू शकेल याच्या मर्यादा आखल्या जातात. त्यामुळे 'स्टुडिओ की खरं लोकेशन' या नेहमीच्या वादापेक्षा 'बंद जागा की येण्याजाण्याची जागा' हा भेद मला महत्त्वाचा वाटतो.

आधी रोजच्या कामाचं गणित पाहू. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वगळून साधारण २२ मिनिटांचा मजकूर लागतो. आठवड्याला सहा भाग धरले तर ही १३२ मिनिटं झाली, म्हणजे दर आठवड्याला एक पूर्ण लांबीचा चित्रपट, तोही वर्षभर न थांबता. हे ज्याला पुरवायचं आहे त्याला दर प्रसंगाला नव्याने प्रकाशयोजना करणं परवडत नाही. म्हणून सेटला छत नसतं, वरून दिवे कायमचे लावलेले असतात आणि घरात सकाळी सात आणि रात्री अकरा यांत उजेडाचा फारसा फरक दिसत नाही. छत नाही म्हणून कॅमेरा वर पाहत नाही. एक भिंत कॅमेऱ्यांना वावरायला मोकळी सोडलेली असते किंवा काढून ठेवता येते, म्हणून माणसं उरलेल्या तीन भिंतींकडे पाठ करून अर्धवर्तुळात उभी राहतात. जेवणाच्या टेबलाची एक बाजू रिकामी राहते. सोफा भिंतीला टेकलेला नसतो, खोलीच्या मध्यावर असतो, कारण त्याच्यामागेही दोन माणसं उभी करून त्यांचे चेहरे टिपायचे असतात. एका वाक्यानंतर आठ जणांच्या प्रतिक्रिया एकामागून एक दाखवण्याच्या ज्या सवयीची चेष्टा होते, तिचा उगम दिग्दर्शकाच्या आवडीत जितका आहे तितकाच या अर्धवर्तुळात आहे. आठ जण उभे आहेत, तिन्ही कॅमेरे चालू आहेत, चेहरे आयते मिळताहेत, मग वापरले जाणारच.

या मांडणीतून विशिष्ट प्रकारची गोष्ट निपजते. मालिकेचं कथानक म्हणजे कोणाला काय माहीत आहे आणि कोणाला नाही याची खतावणी असते, आणि प्रत्येक खोली या खतावणीतलं एकेक खातं. दिवाणखान्यात बोललेलं सगळ्यांचं होतं, म्हणून आरोप, कबुली, लग्नाची घोषणा आणि घराबाहेर काढणं तिथेच. स्वयंपाकघरात बायका बोलतात आणि दाराशी तिसरी उभी असते. देवघरात माणूस एकटा असतो, म्हणून मनातलं मोठ्याने बोलायची तीच सोय. खरं घर आवाजाचं असतं. कुकरच्या शिट्ट्या, मिक्सर, वरच्या मजल्यावर सरकवलेलं टेबल आणि खालचा भाजीवाला यांतून कुजबुज ऐकू येण्याची शक्यता फार कमी. मालिकेतलं घर मात्र इतकं शांत असतं की दाराआडून अख्खं कारस्थान शब्दशः ऐकता येतं. आणि मुख्य दार कधी बंद नसतं. बेल न वाजवता, चप्पल न काढता, नेमक्या वाक्याला कोणीही आत येऊ शकतं. गैरसमजावर तीन-तीन महिने चालणाऱ्या कथानकांना आपण लेखकाचा आळस म्हणतो. तो असतोही. पण चोरून ऐकणं जिथे इतकं सोपं आणि घराबाहेर पडणं इतकं खर्चिक आहे, तिथे लेखकाने दुसरं काय करायचं हाही प्रश्न विचारायला हवा.

हे सगळं एकता कपूरच्या हिंदी मालिकांमुळे आलं, असं सहज म्हटलं जातं. ते अर्धंच खरं आहे. बंद दिवाणखान्याशी मराठी प्रेक्षकाची ओळख त्याच्या किती तरी आधीची. १९३३ साली 'नाट्यमन्वंतर'ने 'आंधळ्यांची शाळा' रंगभूमीवर आणलं तेव्हा रंगवलेल्या पडद्यांच्या जागी खऱ्या खोलीसारखी खोली दिसू लागली, आणि पुढे काही दशकं मध्यमवर्गीय मराठी नाटक सोफा, टीपॉय, टेलिफोन आणि उजवीकडचं स्वयंपाकघराचं दार यांच्याभोवती फिरलं. 'दिवाणखानी नाटक' हा शब्द समीक्षकांनी उगाच घडवलेला नाही. मुंबई दूरदर्शनच्या स्टुडिओत दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांचे चिमणराव-गुंड्याभाऊ वावरले तेव्हा त्या घराला रंगमंचाचीच चौकट होती. नाटकातून आलेले लेखक, नट आणि नेपथ्यकार यांनीच पुढे वाहिन्यांवरच्या मालिका उभ्या केल्या. १९९९मध्ये सुरू झालेल्या अल्फा मराठीवरच्या 'आभाळमाया'चं घर डोळ्यांसमोर आणा. तेही घरच, पण नोकरीला जाणाऱ्या प्राध्यापक बाईचं, म्हणजे बाहेरच्या जगाशी नातं असलेलं. २०००मध्ये 'क्योंकि सास भी कभी बहू थी'च्या विराणींनी यात भर घातली ती आकाराची आणि उंचीची. नाटकाच्या दिवाणखान्यात दोन तासांत पडदा पडायचा. इथे आठ वर्षं पडला नाही. दोन तासांसाठी पुरेल अशी बंद खोली आठ वर्षं चालवायची तर तिच्यात माणसं कोंबावी लागतात, मेलेली परत आणावी लागतात आणि मग त्यांना उभं राहायला जागा हवी म्हणून खोली वाढवावी लागते.

बंद जागा म्हणजे वाईट मालिका, असं मात्र नाही. २०१२मधली 'एका लग्नाची दुसरी गोष्ट' जवळजवळ सगळी घरातच घडते. घना आणि राधा यांचं लग्न करारापुरतं आहे, हे भरल्या घराला ठाऊक नाही. त्यामुळे त्यांच्या खोलीचं दार म्हणजे नाटक आणि खरेपणा यांच्यामधली सीमा होते. दाराबाहेर नवरा-बायकोचं सोंग, दाराआड दोन परक्या माणसांची वाटाघाट. हळूहळू दाराबाहेरचं सोंग खरं होऊ लागतं, तेव्हा ते कळण्यासाठी संवादाची गरज उरत नाही. दोघं कुठल्या खोलीत कसं बोलतात एवढं पाहिलं की पुरे. पुढच्याच वर्षी आलेल्या 'होणार सून मी ह्या घरची'मध्ये जान्हवीचं माहेर अडचणीचं आणि सासर सहा सासवा मावतील इतकं ऐसपैस. एका घरात गर्दी आणि माया कमी, दुसऱ्यात जागा मोठी आणि माया तिच्याहून मोठी. ही तुलना भाबडी आहे, पण ती सेटनेच केली, आणि पहिल्या काही महिन्यांत नीट केली. नंतर मोठ्या घराने लहान घर गिळलं. बहुतेक मालिकांत तेच होतं, कारण दोन सेट उभे ठेवण्याचं भाडं रोज चढत असतं.

जागेचा सर्वांत जाणता वापर मला त्याच सुमारास सुरू झालेल्या 'उंच माझा झोका'त दिसतो. रमाबाई रानड्यांची कथा मुळातच घराच्या रचनेची कथा आहे. त्यांच्या १९१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठवणी वाचताना लक्षात येतं की शिक्षणाचा झगडा सभेत किंवा शाळेत सुरू झाला नाही. तो एका घराच्या दोन भागांत सुरू झाला. रात्री न्यायमूर्ती आपल्या खोलीत पत्नीला शिकवत, आणि दिवसभर घरातल्या थोर बायका तिला त्या शिकण्याची किंमत मोजायला लावत. माजघर बायकांचं आणि पुढची बाजू पुरुषांची, या वाटणीत वाचणारी मुलगी कुठेच बसत नाही. मालिकेने हा पेच वाड्याच्या नकाशावर मांडला. उंबरा, माजघर आणि जिना तिथे शोभेला नव्हते. रमा कुठे बसली आहे, कोणाच्या नजरेसमोरून पुस्तक घेऊन जाते आणि कोणती पायरी चढायला तिला किती दिवस लागले, हेच कथानक. इथे जिना कुठे तरी जात होता. माझ्या मते बंद वाडा इथे गोष्टीला शोभला, कारण बंदिस्तपणा हाच विषय होता. एरवीच्या मालिकांत बायका घरात कोंडलेल्या दिसतात त्या विषय म्हणून नव्हे, सोय म्हणून, आणि मग ती सोयच संस्कार म्हणून विकली जाते.

दुसरा पुरावा मालिकांच्या भाषांतरांतून मिळतो. बंगालीतल्या 'श्रीमोयी'वरून २०१९च्या डिसेंबरात मराठीत 'आई कुठे काय करते' आली, पुढच्या वर्षी हिंदीत 'अनुपमा' आली, आणि दक्षिणेतल्या भाषांतही ती गोष्ट पोहोचली. नावं, साड्या, पदार्थ आणि सण बदलले. बदलला नाही तो घराचा नकाशा. स्वयंपाकघरात दिवस घालवणारी बाई, दिवाणखान्यात तिच्याबद्दल निर्णय घेणारी माणसं आणि जिथे तिचं काही उरलेलं नाही अशी नवरा-बायकोची खोली. एवढं जुळलं की गोष्ट कोणत्याही भाषेत उभी राहते. अरुंधती 'समृद्धी' बंगल्याचा उंबरा ओलांडते तेव्हा त्या प्रसंगाला वजन येतं ते आधीचे कित्येक महिने कॅमेरा त्या उंबऱ्याच्या आत राहिला म्हणून. पण तिथेच अडचणही सुरू होते. बाई बाहेर पडली, पण सेट तर आतच आहे. मग काही ना काही निमित्ताने तिला परत त्याच बंगल्यात आणावं लागतं. लग्न, आजारपण, बारसं, गणपती. घटस्फोट झालेली स्त्री माजी सासरी सारखी का येते, हा प्रेक्षकांचा प्रश्न मानसशास्त्राचा नाही, तो फ्लोअरच्या भाड्याचा आहे. 'माझ्या नवऱ्याची बायको'ने यातून एक बरी वाट काढली होती. नागपूरच्या राधिकाचं स्वयंपाकघर हेच तिच्या मसाल्याच्या धंद्याचं मूळ झालं, आणि बाई ओट्यापासून कचेरीच्या टेबलापर्यंत गेली तेव्हा कथानकही तिच्याबरोबर नव्या खोलीत शिरलं. नंतर त्या कचेरीचाही दिवाणखाना झाला, हा भाग वेगळा. तिथेही लोक न विचारता आत येऊ लागले.

२०१६ साली मालिका मुंबईबाहेर पडल्या आणि प्रश्नाला वेगळं वळण लागलं. फेब्रुवारीत 'रात्रीस खेळ चाले' सुरू झाली. चित्रीकरण सिंधुदुर्गात, सावंतवाडीजवळच्या आकेरी गावातल्या एका जुन्या घरात. कोकणातलं घर मुंबईच्या सेटसारखं एका नजरेत भरत नाही. आधी खळं, मग पायऱ्या, मग पडवी, ओटी, माजघर, त्यापलीकडे अंधारी खोली, मागे न्हाणी आणि विहीर, आणि या सगळ्याभोवती माड-पोफळींची सावली. कॅमेऱ्यासाठी भिंत काढता येत नाही, त्यामुळे तो दाराच्या चौकटीतून पाहतो, माणूस अर्धा दिसतो आणि उरलेला अंधारात राहतो. भयकथेला यापेक्षा अधिक काय हवं? खळ्यात उभं राहिलं की घरात कोण आहे ते दिसत नाही. माजघरात बसलं की खळ्यात कोण आलं ते दिसत नाही. सेटवरच्या घरात प्रेक्षकाला पात्रांपेक्षा नेहमी जास्त माहीत असतं. इथे पहिल्यांदाच त्याला पात्रांइतकंच माहीत होतं किंवा कमी. अण्णा नाईकांच्या मृत्यूपासून सुरू झालेली गोष्ट रेंगाळली, फसली, शेवटाला अनेकांची निराशा करून गेली. पण त्या घराने जी भीती निर्माण केली ती संहितेतल्या भीतीपेक्षा मोठी होती. म्हणूनच २०१९मध्ये दुसरा भाग काढताना निर्माते काळात मागे गेले, पण घर तेच ठेवलं. अण्णांचं घर आणि त्यांची प्रेयसी शेवंता हिचं बिऱ्हाड यांच्यामधली वाट आणि त्या वाटेवर गावाचे डोळे, यावर तो भाग उभा राहिला. पहिल्या भागात घर काहीतरी लपवत होतं. दुसऱ्यात गावाला सगळं दिसत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. माझ्या मते दुसरा भाग अधिक चांगला, आणि त्याचं श्रेय माधव अभ्यंकरांच्या अण्णांइतकंच या वाटेला आहे.

खऱ्या जागेबरोबर आणखी एक गोष्ट येते जी सेटबरोबर येत नाही, ती म्हणजे जागा उलट बोलते. मालिका सुरू झाली तेव्हा सिंधुदुर्गातून आक्षेप निघाले की कोकणी माणूस अंधश्रद्ध दाखवला जातो, भुताखेतांमुळे जिल्ह्याची बदनामी होते. गोरेगावच्या चित्रनगरीतल्या प्लायच्या बंगल्याबद्दल असा आक्षेप कोण घेणार? तो कोणाचाच नसतो. आकेरीचं घर आणि तिथली मालवणी बोली कोणाची तरी आहे, म्हणून ते चुकीचं दाखवलं तर दुखतं. पात्रांनी प्रमाण मराठीत गाळलेली मालवणी बोलणं आणि गावातले कलाकार घेऊन तिचे हेल जपणं, यांतला फरकही प्रेक्षकाला अशाच मालिकांमुळे कळू लागला. पुढे 'गाव गाता गजाली'ने तीच बोली भीतीऐवजी गप्पांसाठी वापरली. तिथे घर गौण झालं. गजाली रंगायला चार माणसं जमतील अशी जागा लागते.

२०१६च्याच ऑक्टोबरात 'तुझ्यात जीव रंगला' आली, कोल्हापूरजवळच्या वसगडे गावातल्या वाड्यात. शेतकरी पैलवान राणादा आणि शाळामास्तरीण अंजली, म्हणजे पाठकबाई. पहिल्या वर्षातले प्रसंग आठवले तर ते वाड्यातले कमी आणि तालमीतले, शेतातले, शाळेतले, बांधावरचे जास्त आहेत. तालीम ही विलक्षण जागा आहे. तांबड्या मातीत पुरुष एकमेकांशी अंगाने बोलतात, वस्ताद एका शब्दात निकाल देतो आणि बाई तिथे येत नाही. उलट शाळेत बोलणं हाच व्यवहार, आणि तिथे पैलवान अडखळतो. दोन माणसांचं प्रेम दोन जागांच्या ओढाताणीतून उभं राहतं. त्यासाठी कुणाचं कारस्थान लागत नाही. अशी गोष्ट जागेला बांधलेली असते, म्हणून ती दुसरीकडे नेता येणार नाही, असं वाटेल. पण हिचं कन्नड रूप 'जोडी हक्की' म्हणून झालं आणि चाललं, कारण म्हैसूर भागात गरडीमने, म्हणजे त्यांच्या तालमी, आणि कुस्तीची परंपरा कोल्हापूरइतकीच रुजलेली. जागेची गोष्ट प्रवास करते, पण जिथे तशी जागा आहे तिथेच. 'आई कुठे काय करते'चा प्रवास कुठेही होतो, कारण तिची जागा सगळीकडे सारखीच बांधता येते.

'तुझ्यात जीव रंगला'चं पुढे काय झालं, हे मात्र माझ्या मुद्द्याला अधिक बळ देतं. मालिका २०२१च्या जानेवारीपर्यंत चालली आणि वर्षागणिक तालमीतून सोप्यात, सोप्यातून वाड्याच्या आत सरकत गेली. घरातल्या वहिनीसाहेबांची कारस्थानं वाढली तशी शेतं कमी झाली. वाडा खराच होता, दगड-लाकडाचा होता, पण माणसं आता त्यात अर्धवर्तुळात उभी राहू लागली. याच्या उलट सातारच्या मातीतली 'लागिरं झालं जी' अखेरपर्यंत थोडी तरी उघडी राहिली, कारण तिचा नायक फौजी. जो माणूस सीमेवर जातो त्याला घरात कोंडता येत नाही. रजा, निरोप, गाडीची वाट पाहणं आणि गावच्या पारावर बसलेली मित्रमंडळी हे सगळं कथानकातच विणलेलं होतं. म्हणजे खरं लोकेशन हे आपोआप चांगल्या गोष्टीची हमी देत नाही.

अमेरिकेत याचा फार बोलका दाखला आहे. १९३७मध्ये रेडिओवर सुरू होऊन १९५२मध्ये दूरचित्रवाणीवर आलेली 'गायडिंग लाइट' ही मालिका २००८मध्ये स्टुडिओतून बाहेर काढण्यात आली. न्यू जर्सीतल्या पीपॅक या गावात, खऱ्या घरांत आणि रस्त्यांवर, हातातल्या कॅमेऱ्यांनी चित्रण सुरू झालं. कारण होतं खर्चाची बचत. जागा खरी झाली, गोष्ट तीच जुनी राहिली, आणि २००९च्या सप्टेंबरात मालिका बंद पडली. याउलट ब्रिटनची 'कोरोनेशन स्ट्रीट' १९६०पासून चालू आहे आणि तिची गल्ली खोटी आहे, चित्रीकरणासाठी बांधलेली. पण ती गल्ली आहे. तिच्या टोकाला सगळ्यांना जाता येईल असा पब आहे. शेजारी भेटायला निमित्त लागत नाही. आपल्याकडे १९८६चं 'नुक्कड' घ्या किंवा २००८पासून चालणारं 'तारक मेहता का उल्टा चश्मा'. गोकुळधाम सोसायटीचं आवारही चित्रनगरीत बांधलेला सेटच. तरीही त्या आवारामुळे रोज नवा किस्सा घडू शकतो आणि खलनायकावाचून चालतं. तिथला विनोद शिळा झाला असेल, पण विष कालवणारी एकही नणंद न पाळता एवढी वर्षं काढली हे त्या आवाराचं देणं आहे. 'सेट विरुद्ध लोकेशन' हा वाद म्हणूनच मला फसवा वाटतो. प्लायची गल्ली दगडी वाड्यापेक्षा मोकळी असू शकते.

कोणी म्हणेल, प्रेक्षक भिंती बघत नाहीत, माणसं बघतात. ते बरोबरच आहे, आणि अरुंधती झालेल्या मधुराणी प्रभुलकर किंवा शेवंता झालेल्या अपूर्वा नेमळेकर यांच्या जागी दुसरं कोणी असतं तर त्या मालिकांचं काय झालं असतं ते सांगता येत नाही. पण जागा बदलली की तीच माणसं वेगळी वागू लागतात, हे करोनाच्या दोन वर्षांनी दाखवून दिलं. असा प्रयोग एरवी कोणी मुद्दाम केला नसता. मार्च २०२०मध्ये चित्रीकरण थांबलं. त्या काळात सोनी मराठीवर आलेली 'आठशे खिडक्या नऊशे दारं' कलाकारांनी आपापल्या घरून चित्रित केली. एकत्र उभं राहणं अशक्य, म्हणून चोरून ऐकणं अशक्य, म्हणून कारस्थान अशक्य. उरला तो खिडकीतून आणि फोनवरून होणारा संवाद, आणि गोष्ट आपोआप शेजाऱ्यापाजाऱ्यांची, हलकी झाली. चित्रीकरण पुन्हा सुरू झालं तेव्हा पासष्टीपुढच्या कलाकारांना सेटवर येण्याची मनाई होती. मुंबई उच्च न्यायालयाने ती ऑगस्टमध्ये रद्द करेपर्यंत दिवाणखान्यातून आजी-आजोबा गायब होते, आणि आजी नसली की एकत्र कुटुंबाच्या मालिकेत निवाडा देणारं कोणी उरत नाही. एप्रिल २०२१मध्ये महाराष्ट्रात पुन्हा बंदी आली तशा मालिका गोवा, सिल्वासा, दमण, गुजरात, हैदराबाद अशा दिशांना पांगल्या. एका आठवड्यात अनेक घराणी एकदम सहलीला निघाली. कोणाच्या मामाचं शेतघर सापडलं, कोणाला रिसॉर्टमध्ये लग्न करायची हुक्की आली. मे महिन्यात गोव्यानेही परवानग्या रद्द केल्या आणि मंडळी तिथून पुन्हा हलली. त्या भागांत एक गंमत झाली. रिसॉर्टच्या हिरवळीवर नटांना उभं राहायचं कसं ते कळेना. सवयीने अर्धवर्तुळ धरलं जाई, पण मागे भिंत नव्हती, जिना नव्हता, दाराआड थांबायला दारच नव्हतं. खलनायिका झाडाआड उभ्या राहिल्या. ते इतकं हास्यास्पद दिसलं की दाराआडचं ऐकणंही मुळात तेवढंच हास्यास्पद होतं, हे लपेना.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हे सगळं पैशांमुळे घडतं, सौंदर्यदृष्टीमुळे नाही. निर्माता जिथे स्वस्त पडेल तिथे जातो, आणि तुम्ही त्यात व्याकरण शोधता. पैशामुळेच घडतं, यात शंका नाही. पण पैशाने ठरलेल्या जागेतूनही अर्थ निघतोच. जुन्या संगीत नाटकात लढाई दाखवणं शक्य नव्हतं म्हणून दूत येऊन वृत्तांत सांगे, आणि त्यातून वृत्तांत सांगण्याची एक कलाच तयार झाली. आजच्या ऐतिहासिक मालिकांतही तेच चालतं. मोहीम पडद्यावर उभी करायची तर खर्च डोळे पांढरे करणारा, म्हणून हेर येतो आणि दरबारात सांगतो. कर्जतच्या एन. डी. स्टुडिओत घडलेल्या 'राजा शिवछत्रपती'ला नितीन देसाईंच्या हाताने उभारलेल्या तटबंद्या आणि चौक मिळाले, त्यामुळे महाराज चालताना, चढताना, उन्हात उभे असलेले दिसले. ज्यांना ते परवडलं नाही त्यांचा इतिहास सदरेवरच घडला आणि दरबाराचा दिवाणखाना झाला. स्वराज्यावरचं संकट आणि घरातली भाऊबंदकी सारख्याच आकाराची वाटू लागली, कारण दोन्हीची जागा सारखी. प्रेक्षकाला स्वप्नं हवीत म्हणून बंगले मोठे, हाही युक्तिवाद केला जातो. पण वसगड्याच्या शेणाने सारवलेल्या अंगणाला आणि आकेरीच्या कोंदट माजघराला प्रेक्षकांनी जी गर्दी केली ती पाहता स्वप्नाचा अर्थ फक्त झुंबर असा नसावा. लोक सुट्टीत गाड्या करून ती घरं बघायला जात. गोरेगावचा बंगला बघायला कोणी गेल्याचं ऐकिवात नाही.

लोकेशनच्या या उत्साहालाही एक हद्द आहे, आणि ती नकाशावर आखता येते. सातारा, वाई, कोल्हापूर आणि तळकोकण. मुंबईहून रात्री निघालं की सकाळच्या कॉलला पोचता येईल एवढंच मालिकांचं ग्रामीण महाराष्ट्र. कोल्हापूरला बाबुराव पेंटरांपासूनची चित्रपटांची परंपरा आहे, मोरेवाडीची चित्रनगरी आहे, जेवण आणि तंत्रज्ञ तिथेच मिळतात; वाईला वाडे आणि घाट आयते आहेत. पण मराठवाड्यातलं गढीचं गाव, खानदेशातली धाब्याची घरं, जळगावकडच्या केळीच्या बागा, विदर्भातला बोडीकाठचा पाडा हे रोजच्या मालिकेत जवळजवळ नाहीतच. राधिका नागपूरची होती, पण नागपूर तिच्या बोलण्यात होतं, कॅमेऱ्यासमोर नव्हतं. बोली नेता येते, जागा नेता येत नाही. त्यातून 'गावाकडची मालिका' म्हटलं की एकच सोपा, एकच पांढरा-तांबडा रस्सा आणि एकच रांगडेपणा प्रेक्षकाच्या मनात बसतो. लातूरच्या माणसाला तो त्याचा वाटत नाही, आणि परदेशातल्या मराठी मुलांना तोच सगळा महाराष्ट्र वाटतो. उन्हाळ्यात दुपारी बारानंतर माणूस घराबाहेर पडत नाही अशा गावात मालिका घडली तर तिच्या कथानकाचं वेळापत्रकच वेगळं होईल. पाण्याच्या टँकरभोवती गाव जमतं त्या जागेवर किती संवाद होतात, किती जुनी भांडणं निघतात, कोण कोणाकडे बघतं! गोकुळधामच्या आवाराइतकी ती जागा कामाची आहे. तिथे अजून कोणी ट्रॉली लावलेली नाही.

आणि जे लोकेशन म्हणून गाजतं त्यातलं बरंचसं पुन्हा गोरेगावातच उभं राहतं. कोल्हापूरच्या शिर्के-पाटलांची 'सुख म्हणजे नक्की काय असतं' ही मालिका चित्रनगरीत चालू असताना २०२३च्या जुलैत एक बिबट्याची मादी पिल्लासह सेटवर शिरली. चित्रनगरी राष्ट्रीय उद्यानाच्या कुशीतच आहे, त्यामुळे यात नवल काही नाही. काम थांबलं, माणसं बाहेर धावली. कोल्हापूरच्या त्या घरात, वरच्या तुळयांवरून, न विचारता, चप्पल न काढता कोणी आत आलं होतं, आणि या वेळी मात्र ती जागा नेमकी कुठे आहे हे सगळ्यांना एकदम कळलं.